आधी चलनं, मग कार्पेट: सोसायटीच्या पुनर्विकासात महापालिकेच्या आकारण्या कशा मोजाव्यात

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या सभेत पहिला प्रश्न आला, "बाजूच्या बिल्डिंगला चाळीस टक्के जास्त जागा मिळाली, आपल्याला किती?" दुसरा प्रश्न भाड्याचा, तिसरा पार्किंगचा. महापालिकेला किती भरावं लागणार, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि तेव्हा मी खजिनदार होतो. दीड वर्षानं विकासकाचं पत्र आलं: प्रीमियमचा (जादा बांधकाम आणि सवलतींसाठी महापालिकेला भरायच्या रकमेचा) अंदाज चुकला, कॉर्पसची (विकासकानं द्यायच्या एकरकमी निधीची) रक्कम कमी करावी लागेल. तोवर अर्ध्या सभासदांनी घरं रिकामी केली होती.

त्यानंतर ओळखीपाळखीतून बऱ्याच कमिट्यांचे फिजिबिलिटी रिपोर्ट (प्रकल्प परवडेल का, याचे अहवाल) वाचायला मिळाले. चूक जवळजवळ सगळीकडे तीच. सभासदांना किती टक्के द्यायचे ते आधी ठरतं, प्रीमियम, शुल्कं आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) शेवटच्या पानावर "अंदाजे" म्हणून टाकले जातात आणि मेळ बसेपर्यंत तेच आकडे दाबले जातात. खाली उलटा क्रम दिला आहे. तो खासगी जमिनीवरच्या, तीस वर्षांहून जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे, म्हणजे विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या विनियम ३३(७)(ब) मध्ये बसणाऱ्या इमारतींसाठी. गिरगाव-लालबागच्या उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींना ३३(७) लागतो आणि म्हाडा वसाहतींना ३३(५). म्हाडाच्या वसाहतींचं नियोजन प्राधिकरण २०१८ पासून म्हाडाच आहे, त्यामुळे कन्नमवार नगर किंवा टिळक नगरवाल्यांचा प्रस्तावच वेगळ्या खिडकीवर जातो. त्यांनी पद्धत घ्यावी, आकडे घेऊ नयेत.

टप्पा १: कागदावरचं क्षेत्र पक्कं करा

तीन क्षेत्रं लागतात: भूखंडाचं, रस्त्यात जाणारं आणि सध्याच्या इमारतीचं मंजूर बांधकाम क्षेत्र.

भूखंडासाठी प्रॉपर्टी कार्ड काढा आणि ते कन्व्हेयन्सशी (जमीन सोसायटीच्या नावे करणाऱ्या दस्ताशी) ताडून पाहा. कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर आधी मानीव अभिहस्तांतरण, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, ते उरका. जमीन नावावर नसताना एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते) मोजत बसणं म्हणजे बाजारात तुरी. दोन कागदांवरचे आकडे जुळले नाहीत तर सगळा हिशोब लहान आकड्यावर करा. प्रत्यक्ष मोजणीत जागा त्याहून कमी भरली तर तोच आकडा घ्या.

रस्त्यासाठी महापालिकेचा डीपी रिमार्क (विकास आराखड्यात तुमच्या भूखंडाबद्दल काय आहे त्याचा दाखला) घ्या. रस्तारुंदीकरणात जाणाऱ्या पट्ट्याला, म्हणजे सेटबॅकला, मोबदला म्हणून एफएसआय किंवा टीडीआर मिळतो. पण तो पट्टा तुमच्या मोकळ्या जागेतून वजा होतो, आणि मोकळी जागा कमी पडली की त्याचा वेगळा प्रीमियम लागतो. हा धागा चौथ्या टप्प्यात पुन्हा येईल.

सगळ्यात जास्त गोंधळ तिसऱ्या क्षेत्रात होतो. मंजूर बांधकाम क्षेत्र म्हणजे महापालिकेनं मंजूर केलेल्या जुन्या नकाशातलं आणि भोगवटा प्रमाणपत्राशी जुळणारं क्षेत्र. मालमत्ता कराच्या बिलावरचा आकडा इथे चालत नाही आणि फ्लॅटमध्ये टेप धरून मोजलेला कार्पेटही चालत नाही. जुन्या इमारतींत बाल्कन्या बंद करून खोल्या मोठ्या केलेल्या असतात. सभासद म्हणतो, "माझा कार्पेट ४८०." नकाशा म्हणतो ४३०. मधले ५० चौरस फूट त्याला नव्या घरात हवेच असतात, पण महापालिकेच्या लेखी ते मंजूर नसतील तर त्यांवर फुकट काहीच मिळत नाही. ते विकत घ्यावे लागतात, किंवा विक्रीच्या हिश्शातून काढून द्यावे लागतात.

तपासा: प्रत्येक फ्लॅटसमोर दोन रकाने करा, "नकाशाप्रमाणे" आणि "ताब्यात". दोन्ही बेरजांमधला फरक सभेत मोठ्यानं वाचून दाखवा. भांडण व्हायचंच असेल तर आत्ता होऊ द्या.

टप्पा २: रस्ता आणि उंची बघा, मगच एफएसआय म्हणा

उपनगरांत मूळ एफएसआय १ आहे. त्यावर किती चढवता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर एकूण २.०, १२ ते १८ मीटरवर २.२, १८ ते २७ मीटरवर २.४ आणि २७ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर २.५. शहर भागात मूळ १.३३ आहे आणि रुंद रस्त्यावर तो ३ पर्यंत जातो. या मर्यादेत एक भाग पैसे भरून मिळणाऱ्या प्रीमियम एफएसआयचा आणि दुसरा टीडीआरचा. फंजिबल, म्हणजे ठरावीक टक्क्यांनी मिळणारा जादा एफएसआय, त्यावर वेगळा.

"बाजूच्या बिल्डिंगला चाळीस टक्के" याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं. ती बिल्डिंग कोपऱ्यावर असते, तिचं तोंड मोठ्या रस्त्याला असतं आणि तुमचं आतल्या गल्लीला.

सावध: ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तक्त्यातला हा वरचा एफएसआय धरता येत नाही. "रस्ता पुढे रुंद होणार आहे" असं कोणी म्हणालं तर डीपी रिमार्कवर बोट ठेवायला सांगा. अशा वेळी रस्त्याकडच्या शेजारच्या सोसायटीशी भूखंड एकत्र करून रुंद रस्त्याचं तोंड मिळवता येतं का, हे आधी बघा. दोन कमिट्यांना एका टेबलावर बसवणं सोपं नाही, कबूल. पण काही गल्ल्यांमध्ये दुसरा मार्गच नसतो.

उंचीचं बंधन तितकंच महत्त्वाचं. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यांत विमानतळामुळे इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते. एफएसआय कागदावर २.४ मिळतो, पण वरचे मजले उभेच राहू शकत नाहीत, आणि तोवर प्रीमियमचं चलन भरून झालेलं असतं. विमानतळ प्राधिकरणाची उंचीची एनओसी हातात आल्याशिवाय एक चौरस मीटरही एफएसआय विकत घेऊ नका. किनाऱ्याजवळच्या सोसायट्यांनी सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) रेषा आपल्या भूखंडावरून जाते का, तेही आत्ताच पाहावं.

टप्पा ३: रेडी रेकनरचा योग्य दर शोधा

महापालिकेचे बहुतेक मोठे प्रीमियम वार्षिक मूल्य दर तक्त्यातल्या, म्हणजे रेडी रेकनरच्या, दराच्या टक्केवारीत असतात. दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, विभाग आणि सीटीएस (नगर भूमापन) क्रमांकाप्रमाणे मिळतो. बघायला पाच मिनिटं लागतात, तरी चार चुका नेहमीच्या.

पहिली चूक रकान्याची. तक्त्यात खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान असे वेगवेगळे दर एका ओळीत असतात. प्रीमियमला लागतो खुल्या जमिनीचा. घाईत सदनिकेचा दर उचलला की प्रीमियम भलताच फुगतो आणि चांगला प्रकल्पही तोट्यात दिसतो. उलटही पाहिलं आहे: विकासकानं मुद्दाम फुगवलेला आकडा दाखवला आणि कमिटी घाबरून कमी कार्पेटवर तयार झाली.

दुसरी चूक एककाची. रेडी रेकनरचा जमिनीचा दर चौरस मीटरला असतो आणि आपण बोलतो चौरस फुटात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. सगळा हिशोब मीटरमध्ये करा आणि फूट फक्त शेवटच्या ओळीत आणा.

तिसरी चूक उपविभागाची. एकाच गावात रस्त्याच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा असू शकतो. सीटीएस क्रमांक कोणत्या उपविभागात येतो ते बघा, नकाशावर डोळ्यांनी अंदाज करू नका.

चौथी चूक वर्षाची. नवे दर साधारण १ एप्रिलला लागू होतात. २०२५-२६ साठी मुंबईत सरासरी ३.३९ टक्के वाढ झाली, त्याआधीची काही वर्षं दर तसेच ठेवले होते. फिजिबिलिटी रिपोर्ट एका वर्षी, टेंडर दुसऱ्या वर्षी, भरणा तिसऱ्या वर्षी असा आपला वेग असतो, म्हणून रिपोर्टमधल्या दरापुढे साल लिहायला लावा.

टप्पा ४: आकारण्यांची यादी, पण स्वभावानुसार

वर्णानुक्रमानं लावलेली यादी काही सांगत नाही. प्रत्येक आकारणी कशामुळे वाढते किंवा घटते, त्यानुसार गट पाडा.

जमिनीच्या दराला बांधलेल्या: प्रीमियम एफएसआय, फंजिबल, मोकळ्या जागेतील उणिवेचा प्रीमियम, जिना-लिफ्ट-लॉबीचा प्रीमियम आणि विकास शुल्क. विकास शुल्क महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या तरतुदींनुसार घेतलं जातं. त्याच कायद्यात मेट्रो, मोनोरेल यांसारख्या महत्त्वाच्या नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी हे शुल्क वाढवण्याची तरतूद आहे, त्यामुळे जुन्या सोसायटीच्या फाइलमधला आकडा उचलू नका.

बाजारभावाच्या: टीडीआर. महापालिका याचा भाव ठरवत नाही. ज्याच्याकडे विकास हक्क प्रमाणपत्र आहे त्याच्याकडून तो विकत घ्यायचा. टीडीआर जिथे निर्माण झाला त्या जमिनीचा दर आणि तुमच्या जमिनीचा दर यांच्या प्रमाणात तो कमी-जास्त होतो, म्हणून "शंभर मीटरचं प्रमाणपत्र घेतलं" म्हणजे तुमच्या भूखंडावर शंभर मीटर असं नसतं. किती हिस्सा झोपडपट्टी टीडीआरचा असायला हवा याची अट असते, तीही विचारा.

बांधकाम खर्चाला बांधलेल्या: बांधकाम कामगार कल्याण उपकर, १ टक्का.

परत मिळणाऱ्या: छाननी शुल्क गेलं ते गेलं, पण आयओडी (बांधकामाची सशर्त मंजुरी) आणि डेब्रिजच्या (राडारोड्याच्या) अनामत रकमा परत मिळतात. खर्चात त्या धरायच्या नाहीत, अडकलेल्या पैशांत मात्र धरायच्या.

चालू राहणाऱ्या: काम चालू असताना भूखंडावर जमीन म्हणून मालमत्ता कर लागतो. काम रखडलं की मीटर चालूच. फिजिबिलिटी रिपोर्टमध्ये ही ओळ मला क्वचित दिसते.

आता मोकळ्या जागेची गोष्ट. मुंबईतले जुने भूखंड लहान. उंच इमारत बसवली की बाजूला सोडायची जागा नियमाइतकी राहतच नाही, आणि आयुक्तांच्या अधिकारात सवलत घेऊन त्याचा प्रीमियम भरावा लागतो. हा आकडा नकाशा काढल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या रिपोर्टमध्ये तिथे गोल रक्कम टाकलेली असते. पीएमसीला (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराला) सांगा, ढोबळ का होईना, एक मजल्याचा नकाशा काढा आणि मग आकडा द्या. या एका ओळीनं मी हिशोब कोसळताना पाहिले आहेत.

टक्केवारी किती? तीच तर बदलत असते. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रीमियमच्या टक्केवाऱ्या कमी केल्या गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये शासनानं वर्षअखेरीपर्यंत ५० टक्के सूट दिली आणि तिला ग्राहकाचं मुद्रांक शुल्क विकासकानं भरण्याची अट जोडली. त्या वर्षी चलनं भरायला झुंबड उडाली होती. तेव्हाच्या आकड्यांवर आधारलेले रिपोर्ट अजून फिरत असतात.

तपासा: प्रत्येक टक्केवारीसमोर अधिसूचनेची तारीख आहे का? नसेल तर आर्किटेक्टला परत पाठवा.

टप्पा ५: एकदा स्वतः हिशोब मांडा

खालचे दर गणितासाठी धरलेले आहेत. तुमचे तुम्ही घाला.

भूखंड १,००० चौरस मीटर, रस्ता १२ ते १८ मीटरमधला, मंजूर बांधकाम १,००० चौरस मीटर, २० सभासद. एकूण एफएसआय २.२, म्हणजे २,२०० मीटर: मूळ १,०००, प्रीमियम एफएसआय ५००, टीडीआर ७००. यावर फंजिबल ३५ टक्के, म्हणजे ७७० मीटर. सभासदांच्या जुन्या १,००० मीटरवरचा ३५० मीटर फंजिबल प्रीमियमशिवाय मिळतो. उरलेल्या ४२० मीटरचे पैसे भरायचे. एकूण २,९७० मीटर.

जमिनीचा दर मीटरला ६०,००० रुपये आणि दोन्ही प्रीमियम ५० टक्के धरू. प्रीमियम एफएसआयचे होतात १ कोटी ५० लाख, फंजिबलचे १ कोटी २६ लाख. टीडीआर मीटरला ३५,००० नं पडला तर २ कोटी ४५ लाख. बेरीज ५ कोटी २१ लाख.

सभासदांना जुनं क्षेत्र अधिक ३५ टक्के दिलं तर १,३५० मीटर जातात आणि विक्रीला १,६२० उरतात. म्हणजे विक्रीच्या प्रत्येक मीटरवर सुमारे ३२,१६० रुपये, फुटाला जवळजवळ ३,००० रुपये, फक्त एफएसआय विकत घेण्याचे. नव्या इमारतीत फ्लॅट घेणारा हे पैसे भरतो. तो वर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभारही देतो, तो निराळा.

आता पूर्ण ताळेबंद. विक्री मीटरला २ लाखांनी झाली तर ३२ कोटी ४० लाख. खर्चात वरचे ५.२१ कोटी, इतर शुल्कं आणि उणिवेचा प्रीमियम मिळून दीड कोटी, जिने, पार्किंग असं एफएसआयबाहेरचं धरून ४,५०० मीटर प्रत्यक्ष बांधकामाचे मीटरला ३५,००० नं १५.७५ कोटी, वीस कुटुंबांना महिना ४०,००० भाडं तीन वर्षं म्हणजे २.८८ कोटी, व्याजाचे ३ कोटी, फी आणि विक्रीखर्च दीड कोटी. एकूण २९.८४ कोटी. हातात राहतात २ कोटी ५६ लाख, विक्रीच्या आठ टक्क्यांहून किंचित कमी. यातून विकासकाचा नफा, किंवा स्वयंपुनर्विकास असेल तर तुमची गंगाजळी. कॉर्पस अजून दिलेलाच नाही.

या टप्प्यावर सभेत कोणीतरी उठून म्हणतं, "आणखी दहा टक्के मागा, देतील." दहा टक्के म्हणजे १०० मीटर, माणशी सुमारे ५४ चौरस फूट बिल्ट-अप. प्रीमियमचं बिल एका रुपयानंही कमी होत नाही, विक्रीचे १०० मीटर मात्र जातात. दोन कोटी गेले, उरले ५६ लाख. असा करार सही होतो, पण पुरा होत नाही. पुढे काय होतं ते तुम्ही आसपास पाहिलंच असेल: प्लिंथवर थांबलेलं काम आणि तिसऱ्या वर्षापासून बंद झालेलं भाडं.

३३(७)(ब) खाली सभासदांसाठी मंजूर क्षेत्राच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांतलं जास्त असेल ते प्रोत्साहन म्हणून प्रीमियमशिवाय मिळतं. वरच्या सोसायटीत ते २०० मीटर होतील. हिशोबात मी ते मुद्दाम धरलं नाही, कारण बरेच जण ते २.२ च्या वर आणखी एक मजला असल्यासारखं मोजतात. जुनं क्षेत्र आणि प्रोत्साहन यांची बेरीज रस्त्याप्रमाणे मिळणाऱ्या मर्यादेपेक्षा कमी असेल, तर उरलेला फरक प्रीमियम आणि टीडीआरनं भरायचा असतो. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो विकत घ्यायचे मीटर कमी होण्यात आहे. आर्किटेक्टला दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी लिहून द्यायला सांगा.

टप्पा ६: पैसे कधी भरायचे ते कॅलेंडरवर मांडा

एकूण रकमेइतकीच भरण्याची वेळ महत्त्वाची. साधारण क्रम असा: छाननी शुल्क प्रस्तावासोबत, अनामत रकमा आयओडीच्या सुमारास, विकास शुल्क आणि प्रीमियमचा मोठा भाग सीसीच्या (काम सुरू करण्याच्या परवानगीच्या) आधी, पुढच्या मजल्यांच्या सीसीसाठी उरलेला प्रीमियम आणि टीडीआर, आणि ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) आधी राहिलेलं सगळं. विक्रीचा पैसा यानंतर, बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे येतो.

वरच्या उदाहरणातले ५.२१ कोटी पहिल्याच दिवशी भरले आणि १२ टक्क्यांनी कर्ज काढलं, तर वर्षाला साडेबासष्ट लाख व्याज. दुसऱ्या बाजूला, थांबलं आणि रेडी रेकनर ३.३९ टक्क्यांनी वाढला तर २.७६ कोटींच्या प्रीमियमवर वाढ फक्त नऊ-साडेनऊ लाखांची. म्हणजे "एप्रिलच्या आत भरून टाका" हा सल्ला दर वेळी शहाणपणाचा नसतो. अपवाद दोन: सवलतीची मुदत संपत असेल, किंवा तुमच्या उपविभागाचा दर सरासरीपेक्षा फार चढण्याची लक्षणं असतील.

हप्त्यांची सोय मिळाली तर व्याजाचा दर बँकेच्या दराशी ताडून पाहा आणि हप्ता चुकल्यास पुढची सीसी अडते हे लक्षात ठेवा. टीडीआर तर एकदम घेऊच नका. मजले चढतील तसा चढवा. भाव पडला तर फायदा तुमचा, चढला तर थोड्या मीटरांपुरताच तोटा.

स्वयंपुनर्विकास करणाऱ्यांसाठी १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयात सवलती जाहीर झाल्या, त्यांत वाढीव एफएसआय आणि प्रीमियमच्या हप्त्यांचाही समावेश आहे. कॅलेंडरमध्ये सवलत लिहिण्याआधी तिची अंमलबजावणीची अधिसूचना किंवा परिपत्रक हातात घ्या. बँक शासन निर्णयाच्या भरवशावर कर्ज देत नाही.

मध्येच एक प्रश्न: हे पैसे जातात कुठे?

सभेत हमखास विचारलं जातं, "एवढे कोटी भरतोय, मग आपल्या गल्लीतलं गटार का तुंबतं?" प्रीमियम आणि विकास शुल्क तुमच्या गल्लीच्या नावानं वेगळं ठेवलं जात नाही. विकास शुल्क नियोजन प्राधिकरणाकडे सार्वजनिक सुविधांसाठी जमा होतं. काही प्रीमियमचा वाटा राज्य शासनाकडे जातो, म्हणून चलनंही वेगवेगळी निघतात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली, आणि तेव्हापासून बांधकाम परवानग्यांतून येणारा पैसा हा महापालिकेच्या उत्पन्नाचा फार मोठा आधार झाला. २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. अर्थसंकल्पातून रस्ते, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता असली शहरभराची कामं चालतात. माझं मत विचाराल तर ज्या वॉर्डात बांधकाम वाढतं तिथल्या मलवाहिनीवर आधी खर्च व्हायला हवा, पण तो वेगळ्या सभेचा विषय.

हिशोबाला याचा उपयोग एवढाच: प्रीमियम भरला म्हणजे पाण्याची मोठी जोडणी, मलवाहिनी, सोसायटीपुढचा पदपथ आपोआप होईल असं धरू नका. जोडणीचे खर्च वेगळे लिहा.

टप्पा ७: हिशोबाला तीन धक्के देऊन बघा

पहिला: विक्रीचा भाव १० टक्क्यांनी पडला तर? प्रीमियम पडत नाही, कारण तो बाजाराला बांधलेला नाही, रेडी रेकनरला आहे. वरच्या उदाहरणात ३ कोटी २४ लाख जातात आणि प्रकल्प तोट्यात.

दुसरा: सहा महिने उशीर झाला तर? फक्त भाडं ४८ लाख. व्याज आणि जमिनीवरचा कर त्यावर.

तिसरा: मोकळ्या जागेचा प्रीमियम दुप्पट निघाला तर?

तिन्ही धक्के एकाच वेळी सोसणारा प्रकल्प मुंबईत विरळा. पण एकेक धक्काही सोसत नसेल तर सभासदांचं वाढीव क्षेत्र कमी करा किंवा टीडीआरचा शेवटचा हिस्सा घेऊ नका. हे दुसरं ऐकायला विचित्र वाटतं, कारण एफएसआय सोडायचा म्हणजे पाप अशी आपली समजूत आहे. शेवटच्या मीटरची प्रीमियम, बांधकाम आणि व्याज धरून किंमत काढा. ती विक्रीच्या भावाजवळ जात असेल तर तो मीटर घेण्यात अर्थ नाही. उंची वाढली की अग्निसुरक्षेचे निकष, जास्तीची लिफ्ट, पार्किंगची यंत्रणा हेही मागे लागतं.

आणखी एक गुणोत्तर वहीत लिहून ठेवा: विक्रीचा भाव भागिले रेडी रेकनरचा जमिनीचा दर. एकाच उपविभागात मुख्य रस्त्यावरच्या आणि आतल्या बोळातल्या सोसायटीला प्रीमियम सारखाच लागतो, फ्लॅटचा भाव मात्र सारखा मिळत नाही. गुणोत्तर जितकं लहान तितका प्रीमियम जड. शेजाऱ्यांची ऑफर तुम्हाला का मिळत नाही, याचं उरलेलं उत्तर हे.

टप्पा ८: करारात काय लिहून घ्यायचं

टेंडर आणि विकासकाची निवड सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणेच करा, त्यावर इथे वेळ घालवत नाही. आकारण्यांपुरत्या या गोष्टी करारात हव्यात.

"सर्व प्रीमियम विकासक भरेल" एवढं पुरत नाही. "दर वाढल्यास वाढही विकासकाची, आणि त्यापोटी सभासदांचं क्षेत्र, भाडं किंवा कॉर्पस यांत कपात होणार नाही" हे वाक्य पूर्ण लिहा. माझ्या सोसायटीच्या करारात पहिला अर्धा भाग होता, दुसरा नव्हता.

शासनानं सूट दिली तर तिचा फायदा कोणाला? २०२१ मध्ये हा प्रश्न कित्येक करारांत अनुत्तरित होता. करारानंतर नियम बदलून जास्त एफएसआय मिळाला तर त्याची वाटणी कशी, तेही आत्ताच ठरवा.

प्रत्येक चलनाची प्रत आठ दिवसांत सोसायटीकडे आली पाहिजे. टीडीआर चढवला की त्याची नोंद असलेलं कागदपत्रही. सभासदांनी घरं रिकामी करण्याची तारीख पूर्ण सीसीशी किंवा निदान प्रीमियमच्या ठरलेल्या हिश्शाच्या भरण्याशी बांधा. "आयओडी आली, सामान बांधा" या घोषणेला भुलू नका. आयओडी आली म्हणजे पैसे भरले गेले असं होत नाही.

सावध: विकासकाची बँक हमी फक्त बांधकामापुरती आहे की न भरलेल्या प्रीमियमलाही लागू आहे, हे वकिलाकडून लेखी घ्या.

टप्पा ९: ओसीनंतरचं राहिलेलं काम

चाव्या मिळाल्या की कमिटीचा उत्साह संपतो. अनामत रकमा कोणाच्या नावानं भरल्या होत्या ते पावत्यांवर बघा. सोसायटीच्या नावानं असतील तर परताव्याचा अर्ज सोसायटीला करावा लागतो, आणि मूळ पावती हरवली की हेलपाटे सुरू. काम चालू असतानाचा जमिनीवरचा कर ओसीच्या तारखेपर्यंत पूर्ण भरला आहे याची महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून खात्री करून घ्या. थकबाकी राहिली तर ती नव्या इमारतीच्या पहिल्या बिलाबरोबर तुमच्याच दारात येते. आमच्याकडे आली होती, दोन हप्त्यांत फेडली.